पाळणाघरात मूल रुळवणं: जर्मनी, स्वीडन, जपान

परदेशात पाळणाघरात जागा मिळाली की हुश्श होतं, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. एक तारखेला प्रवेश, दोन तारखेला ऑफिस, हे जर्मनीत जमत नाही.

तिथे १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाचा जागेवर कायद्याने हक्क आहे. पण जागा मिळाल्यावर आधी 'आइनगेव्योनुंग', म्हणजे मूल रुळवणं. बर्लिन पद्धत बरीच रूढ आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर खोलीत बसतात आणि त्याला घेऊनच घरी जातात. चौथ्या दिवशी सांगून बाहेर पडायचं, फार तर अर्धा तास, तेही हाकेच्या अंतरावर. चौथा दिवस सोमवारी आला तर मंगळवार धरतात; दोन दिवसांच्या सुट्टीनंतर मूल पुन्हा बिचकतं. ताईंनी घेतल्यावर रडं थांबलं तर वेळ वाढवत नेतात. नाही थांबलं तर लगेच परत बोलावतात आणि पुढचा प्रयत्न दुसऱ्या आठवड्यात. कागदावर हे एक ते तीन आठवड्यांचं काम. रजा मात्र चार आठवड्यांची टाका, कारण मध्येच सर्दी-ताप येतो आणि घडी विस्कटते.

खोलीत बसणं हेही कामच आहे. कोपऱ्यात बसा, फोन बॅगेत. मूल आलं तर जवळ घ्या, पण 'जा ना, बघ किती छान गाडी' म्हणून ढकलू नका. ते खेळात रमलं की गुपचूप सटकायचा मोह होतो. तसं केलंत तर दुसऱ्या दिवशी ते मांडीवरून उतरणार नाही: पाठ फिरवली की आई गायब होते, हे त्याला कळलेलं असतं. रोज एकाच पालकाने जावं, आलटून पालटून नको.

मूल मराठीच बोलत असेल तर पाणी, भूक, नको, शी, झोप असे दहा शब्द ताईंना लिहून द्या. इंग्रजी वळणाचं स्पेलिंग मात्र चालत नाही. 'जेवण' तसं लिहिलं तर जर्मन माणूस 'येफान' वाचेल, कारण तिथे 'जे' अक्षराचा उच्चार 'य' आणि 'व्ही'चा बहुधा 'फ'. समोर बसून म्हणून घ्या.

स्वीडनमध्ये अनेक ठिकाणी तीन दिवसांत उरकतात. पालक दिवसभर तिथेच. भरवणं, लंगोट बदलणं सगळं पालकांकडे. चौथ्या दिवशी मूल एकटं. मुलाला जागा चटकन ओळखीची होते, ताई तितक्या होत नाहीत. बुजऱ्या मुलासाठी मला बर्लिन पद्धतच बरी वाटते. आजारी मुलासाठी मात्र स्वीडन उदार: वर्षाला एका मुलामागे १२० दिवसांपर्यंत भत्ता, आणि पहिले सात दिवस डॉक्टरचा दाखलाही लागत नाही.

जपानचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. 'नराशी होइकु'त, म्हणजे तिथल्या रुळवण्याच्या दिवसांत, पालक सहसा खोलीत नसतातच, फक्त तास वाढत जातात: आधी एक-दोन तास, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत. रोजच्या वहीत सकाळचा ताप, झोप, जेवण, शी लिहून द्यायचं. बऱ्याच ठिकाणी ३७.५ अंश सेल्सिअसला न्यायला या म्हणून फोन येतो. सकाळी ३७.३ दिसला तर दुपारची मीटिंग आधीच दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाला.