गणितातल्या 'ब-२'चा हिशोब

मुलगी चौथीत, पुण्यातल्या मराठी शाळेत. दोन्ही सत्रांना गणितात श्रेणी तीच: ब-२. मधल्या महिन्यांत ती रोज संध्याकाळी आपणहून भागाकाराची वही काढून बसायची. मग ती मेहनत प्रगतिपुस्तकात दिसत का नाही? निकालाच्या दिवशी मी बाईंना तेवढंच विचारलं.

गर्दी ओसरल्यावर बाईंनी नोंदवही उघडली. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात चौथीला ६० गुण आकारिकचे, म्हणजे तोंडी काम, कृती, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या यांचे, आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. सातवी-आठवीत हेच प्रमाण उलटं होऊन ४०-६० होतं.

आता तिचे गुण. पहिल्या सत्रात आकारिक ३५, संकलित २७, एकूण ६२. दुसऱ्या सत्रात आकारिक ४६, संकलित २४, एकूण ७०. ६१ ते ७० म्हणजे ब-२, त्यामुळे श्रेणी जागची हलली नाही. वर्षभराचे कष्ट आकारिकमध्ये वाढलेल्या अकरा गुणांत होते आणि घरी आलेल्या कागदावर त्यांचा मागमूस नव्हता. मला हे फार लागलं. मूल श्रेणीच वाचतं, नोंदवही त्याला कोण दाखवतं?

पण संकलितचे तीन गुण कमी का झाले? बाईंनी पेपर काढला. भागाकार सगळे बरोबर, शाब्दिक उदाहरणं मात्र कोरी. आणि वर्णनात्मक नोंदीत लिहिलेलं, 'गणिताचा सराव आवश्यक'. सराव तर ती करतच होती! मी तसं म्हटलं. भरलेल्या वर्गात प्रत्येकाची प्रत्येक विषयाची नोंद लिहायची म्हणजे ठरावीक वाक्यं येणारच, हे मला कळतं. बाईंनी मात्र लगेच नवी नोंद लिहून दिली: 'भागाकार अचूक करते. शाब्दिक उदाहरण वाचून मांडणी करताना मदत हवी.' माझ्या मते अख्ख्या प्रगतिपुस्तकात कामाचं असं हे एवढंच होतं.

पाचवीला आता वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नापास झाल्यास पुनर्परीक्षा. म्हणून सुट्टीत आम्ही आकडेमोड बाजूला ठेवली आहे. ती उदाहरण मोठ्याने वाचते, काय दिलंय आणि काय काढायचंय ते सांगते, मगच पेन्सिल उचलते. आणि पाचवीत पहिलं सत्र संपलं की आकारिकच्या नोंदी मी तेव्हाच मागणार आहे.