खर्जाला लावलेला चिमटा

माझा भाचा कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेची कामे घेतो आणि त्याच्या कार्यक्रमाला संध्याकाळी जाण्यापेक्षा दुपारी जाणे मला अधिक आवडते. रिकामे सभागृह, अर्धेच लागलेले दिवे, रंगमंचावर पसरलेल्या केबली आणि ‘चेक, चेक’चा तो जप यांत जो निवांतपणा असतो, तो संध्याकाळी अत्तर लावून आलेल्या गर्दीत सापडत नाही. अशाच एका दुपारी दक्षिण मुंबईत एका जॅझच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती आणि मी चौथ्या रांगेत डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात बसले होते. तेवढ्यात एक प्रौढ गृहस्थ आपल्या उंचीहून अधिक उंच असलेला डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले थोरले, खर्जाचे वाद्य, खोळीतून बाहेर काढू लागले आणि माझा घास हातातच राहिला.

वाद्य उभे राहिल्यावर त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. तीत चष्मा नव्हता, करंगळीच्या पेराएवढा एक माइक होता. त्याचा रबर लावलेला चिमटा त्यांनी, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खालच्या अंगाला, जिथे तारांना बोट लावण्याचे कधी कारण पडत नाही, तिथल्या मधल्या दोन तारांवर बसवला. मग माइकची लवचीक मान वाकवून त्याचे तोंड इंग्रजी एफच्या आकाराच्या छिद्राकडे वळवले, आणि पातळ केबल टेलपीसखालून, म्हणजे तारांची खालची टोके जिथे अडकवतात त्या पट्टीखालून, घेऊन तिला एक सैल वेटोळे दिले, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ माइकला बसू नये. हे सगळे त्यांनी अंगवळणी पडलेल्या सवयीने, भाच्याशी सामन्याच्या गप्पा मारत केले.

‘‘सर, थोडा वर घ्या. छिद्रासमोर फार घुमतोय,’’ भाचा मिक्सरवरून म्हणाला.

त्यांनी मान दोन बोटे वर, घोडीच्या दिशेने घेतली आणि तीच तार छेडली. मी खिचडीचा डबा मिटला. वाद्य तेच, हात तोच, तार तीच, पण स्पीकरमधून येणारे वाद्य निराळे होते. आधी पोकळी ऐकू येत होती, आता लाकूड ऐकू येऊ लागले.

‘‘आणखी वर नेला तर माझी नखेसुद्धा ऐकवशील लोकांना,’’ ते गृहस्थ म्हणाले. ते वांद्र्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातले, त्यामुळे आमच्यात दुभाष्याचे काही काम नव्हते.

तेव्हापासून मला पडलेला प्रश्न असा, की या वाद्याचा आवाज नेमका असतो कुठे? डबल बेसची सर्वांत खालची मोकळी तार साधारण 41 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 41 आंदोलनांनी, वाजते, आणि त्या स्वराची एक लाट हवेत आठ मीटरांहून लांब पसरते. म्हणजे चौथ्या रांगेतल्या माझ्यापर्यंत त्या स्वराचे जेमतेम एक आवर्तन पुरे होते, आणि तो पकडण्यासाठी आपण वाद्याच्या अंगापासून वीतभर अंतरावर एक दाणा टांगतो. तिथे त्याला छिद्राचा श्वास ऐकू येतो, घोडीचा खटका ऐकू येतो, बोटाची त्वचा तारेवरून घसरते तेही ऐकू येते. त्यात असे दिशा धरून ऐकणारे माइक वस्तूच्या जवळ नेले, की त्यांचा खालचा भाग आपोआप फुगतो. एकूण तो जे ऐकतो, ते खोलीतल्या कोणीही कधीच ऐकलेले नसते. वादकानेही नाही, कारण त्याचा कान वर, वाद्याच्या खांद्यापाशी असतो आणि छिद्रे समोरच्यांकडे तोंड करून असतात. तरी आपण त्याला वाद्याचा ‘नैसर्गिक आवाज’ म्हणतो आणि मीही बेधडक म्हणते.

याचे कारण दुसरा पर्याय मला सोसत नाही. घोडीच्या पायाखाली किंवा पंखात बसवायचा पिझो पिकअप हवा ऐकतच नाही, घोडीवरचा दाब तेवढा मोजतो. त्यामुळे तो न कुरकुरता मोठा होतो, शेजारच्या ड्रमकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि वाद्यवृंद कितीही तापला तरी आपली ओळ सोडत नाही. पण 1970च्या दशकातल्या पुष्कळ जॅझ ध्वनिमुद्रिकांवर बेस रबर ताणल्यासारखा जो नाकात बोलतो, ती त्याचीच करामत. त्या पिकअपला पुढे मेगओहमच्या (दहा लाख ओहमच्या) घरातला विद्युत अडथळा मिळाला नाही, तर खालचे स्वर वाळून जातात. तो मिळाला तरी घोडीच्या पलीकडे एवढे थोरले लाकडी पोट आहे, याची त्याला गंधवार्ता नसते. भाचा अशा वेळी दोन्ही लावून ठेवतो, खालचा भार पिकअपवर टाकतो आणि वरचे रूप माइककडून घेतो. दोहोंची वेळ एकमेकांशी जुळली नाही, तर एक दुसऱ्याला खाऊन टाकतो आणि दोन ओळी मिळून अर्धाच बेस उरतो. मग तो एक बटण दाबून एका ओळीची दिशा उलटी करतो. हे बटण दाबताना त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला आहे.

संध्याकाळी काय झाले, ते थोडक्यात सांगते. मध्यंतरापर्यंत माइक उघडा होता आणि बेसच्या प्रत्येक स्वराला सुरुवात, मध्य आणि शेवट होता. मध्यंतरानंतर ड्रमवाल्यांना चेव चढला, सगळ्यांचेच आवाज वाढवावे लागले, आणि मग ठरलेले चक्र सुरू झाले. स्पीकरमधला खर्ज वाद्याच्या छातीवर आदळतो, छाती थरथरते, तो थरथराट माइक ऐकतो आणि पुन्हा स्पीकरकडे पाठवतो. गायकाच्या माइकची शिट्टी सगळ्यांना कळते. बेसचा फीडबॅक मात्र शिट्टी वाजवत नाही, तो जमिनीतून नुसता घूं करत वर येतो आणि लोकांना वाटते, वादकच स्वर लांबवतो आहे. भाच्याने खालच्या वारंवारता कापून पाहिल्या, वादकाने मॉनिटरच्या, म्हणजे वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या, रेषेतून एक पाऊल बाजूला घेऊन पाहिले आणि शेवटी माइक बंद करून कारभार पिकअपकडे गेला. माझ्या शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, ‘‘आता कसा क्लिअर येतोय!’’ मी मान हलवली. असल्या विषयावर अनोळखी माणसाशी वाद घालू नये, एवढे शहाणपण वयाने दिले आहे.

हे ‘क्लिअर’ प्रकरण मला मुळातच रुचत नाही. आपल्याकडेही तंबोऱ्यापुढे माइक ठेवून तो इतका पुढे आणण्याची टूम निघाली आहे, की गवई तंबोऱ्याच्या साथीला बसल्यासारखा वाटतो. खर्जाने घरातल्या वडीलधाऱ्यासारखे मागच्या खोलीत असावे, तो आहे हे सगळ्यांना ठाऊक असावे आणि त्याने सारखे बाहेर येऊन बोलू नये, असे माझे जुनाट मत आहे.

अर्थात हे मत बेसवादकांना विचारून बनवलेले नाही. आपण ऐकू जावे ही त्यांची धडपड विजेच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे जॅझवादक तार ओढून बोटांखालच्या पट्टीवर आपटत, ती निदान त्या फटक्याने ऐकू जावी म्हणून. जॅझ वाद्यवृंदाचे नायक ड्यूक एलिंग्टन यांनी 1939 साली जिमी ब्लँटन या कोवळ्या बेसवादकाला वाद्यवृंदात घेतले, तेव्हा त्याला पाठीमागच्या गर्दीत न ठेवता पुढे उभे केले. जेमतेम दोन वर्षे तो तिथे वाजवू शकला. 1942 साली तेविसाव्या वर्षी क्षयाने गेला. पण बेस सुरावट गाऊ शकतो, हे लोकांना कळले ते त्या दोन वर्षांत. पुढे 1946 साली एव्हरेट हल या अमेरिकन वादकाने बेस जमिनीवर ज्या खुंटीवर उभा राहतो, तीच आत वाढवून तिच्या टोकावर माइक बसवला आणि पेटंटसाठी अर्ज केला. अँपेग ही अँप्लिफायरची कंपनी त्यातूनच उभी राहिली. वाद्ये बनवणारे लिओ फेंडर यांनी 1951 साली याच्याही पुढे जाऊन वाद्याचे पोटच काढून टाकले आणि विजेवरची बेस गिटार करून बेस गळ्यात अडकवून दिला. पोट नाही, म्हणून घुमणे नाही आणि फीडबॅकची चिंताही फारशी नाही.

ज्यांनी पोट सोडले नाही, त्यांची मात्र निराळीच गंमत झाली. आतड्याच्या तारा जाऊन पोलादी तारा आल्या, पिकअप आणि अँप्लिफायर आले, मग तारा पट्टीच्या जवळ उतरवता आल्या आणि बोटे हलकी, चपळ झाली. बोटे हलकी झाली म्हणून वाद्याचा स्वतःचा आवाज उतरला, आणि तो उतरला म्हणून अँप्लिफायरवाचून चालेनासे झाले. चिमट्याचा माइक वापरणाऱ्याला हा हिशेब उलटा फिरवावा लागतो. वाद्यातून आधी भरपूर आवाज निघाला, तरच माइकचा कान फार उघडावा लागत नाही. त्यामुळे हे वादक तारा पुन्हा थोड्या वर चढवतात आणि बोटांना घट्टे पाडून घेतात. वांद्र्याच्या त्या गृहस्थांच्या तर्जनीवरचा घट्टा मी चौथ्या रांगेतून पाहिला होता.

तसलाच घट्टा आमच्या वरच्या मजल्यावरच्या अंकलच्या बोटाला होता. मी गिरगावात वाढले, धोबीतलावाच्या अंगाला, जिथे गोव्यातल्या गावांनी मुंबईला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी कूड, म्हणजे सामायिक बिऱ्हाडे, काढलेल्या होत्या. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेली ही मंडळी एके काळी ताजसारख्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत. अंकल डबल बेस वाजवत. रेकॉर्डिंगला निघाले, की फियाट टॅक्सीच्या टपावर गोधडीत गुंडाळलेला तो बोजा सुतळीने बांधला जाई आणि आम्ही पोरे सुतळीची टोके धरायला धावत असू. घरी ते सकाळी सराव करत. वाद्याची खुंटी त्यांच्या लाकडी जमिनीत रुतलेली, म्हणजे जवळजवळ आमच्या छतात. ते एका ठरावीक स्वरावर आले, की आमच्या मांडणीवरच्या पितळी डब्याचे झाकण थरथरू लागे. आई ते उचलून जरा तिरके ठेवी आणि पुन्हा पोळी लाटू लागे. स्वर कोणता, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आमच्या लेखी तो डब्याचा स्वर होता. म्हणजे हवेपेक्षा लाकडातूनच आम्ही अंकलना अधिक ऐकले आणि भाच्याच्या भाषेत आमची खोली हाच त्यांचा पिकअप होता. पिकअपविरुद्ध मी वर जे काही म्हटले आहे, ते यामुळे मागे घ्यावे, असे मला अजून वाटलेले नाही.

अंकल ज्या गाण्यांत वाजवत, ती आमच्याकडे रेडिओवर लागत. त्या रेडिओच्या टीचभर स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर पडणे शक्यच नव्हते. पण कानाची एक खोड अशी, की मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे स्वयंभू स्वर ऐकू आले, तर खाली नसलेला मूळ स्वर तो स्वतःच रचून घेतो. तेव्हा त्या गाण्यांतला बेस आम्ही ऐकला असेल, तर तो अर्धामुर्धा आमच्याच कानांनी बनवलेला होता.

आता भाच्याने दिलेले जाडजूड हेडफोन लावून मी तीच गाणी पुन्हा ऐकते. गायिका काय म्हणते आहे, तिकडे माझे लक्ष नसते. अंतऱ्याच्या आधी जिथे व्हायोलिने थांबतात, तिथे एखाद-दोन मात्रा बेस उघडा पडतो, आणि तार सुटल्यावर लाकडाने घेतलेला श्वास क्वचित स्पष्ट येतो. संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे आमच्या पिढीला पाठ आहेत. वाद्यवृंदात मागे उभ्या राहिलेल्या माणसांची नावे बहुतेक पडद्यावर आलीच नाहीत, तबकडीच्या वेष्टनावरही नाहीत. त्यांतली अंकलची गाणी कोणती, हे आम्ही त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. नोटेशनचा कागद समोर येई, शिफ्ट संपली की तो परत जाई, दुसऱ्या दिवशी दुसरा कागद. विचारले असते, तरी त्यांना आठवले असते की नाही, कोण जाणे.