शाळेच्या तांदळाचा चार्ज घेताना: माझा अनुभव

"बाई, बुकात आहे तसा चार्ज घ्या, नंतर हळूहळू अॅडजस्ट करा." तालुक्याच्या एका कचेरीत मला हे इतक्या वेळा ऐकवलं गेलं, की अजून आठवलं तरी डोकं तापतं. अक्षर दासोहचा, म्हणजे कर्नाटकातल्या शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या योजनेचा, तांदूळ स्टॉक बुकात एक आणि खोलीत एक असताना मी सही करावी, असं त्यांचं म्हणणं. मी केली नाही. आपल्या भागातल्या सरकारी मराठी शाळांत प्रभारी मुख्याध्यापकपद कधी कुणाच्या गळ्यात पडेल सांगता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

माझी शाळा बेळगावच्या पश्चिमेला, पावसाच्या पट्ट्यात. आमचे मुख्याध्यापक सर जूनमध्ये रिटायर झाले आणि चार्ज माझ्याकडे आला. दाखल्याचं रजिस्टर, फर्निचर, कपाटाच्या किल्ल्या हे एका दुपारीत उरकलं. अडलं ते धान्याच्या खोलीत.

पोती मोजून चार्ज घेऊ नका, वजन करून घ्या. मी गावातल्या सोसायटीचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. रिकाम्या तागाच्या पोत्याचं वजन साधारण 580 ग्रॅम, म्हणजे 50 किलोचं न उघडलेलं पोतं काट्यावर साडेपन्नासच्या वर दिसायला हवं. पहिलंच पोतं 49 च्याही खाली. शिवण जशीच्या तशी, उंदराचं भोक नाही, खाली सांडलेला दाणा नाही. दुसरं तसंच, तिसरं तसंच. सर बाजूलाच उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, आयुष्यात मूठभर तांदूळ घरी नेला नाही मी," एवढंच म्हणाले. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता आणि आहे. पण विश्वास स्टॉक बुकात लिहिता येत नाही, आणि त्यांची पेन्शनची कागदपत्रं ना-बाकी दाखल्यावर अडलेली.

आता 'अॅडजस्ट' म्हणजे काय ते सांगते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, सहावीपासून पुढे 150 ग्रॅम. हजेरी गुणिले हे माप, एवढाच तांदूळ रोज खर्ची पडतो. बुकातला जास्तीचा तांदूळ जिरवायचा तर एकच वाट उरते: आली नाहीत ती मुलं जेवली असं दाखवायचं. नाहीतर जेवणाऱ्यांच्या ताटातला घास कमी करायचा. एका पोत्यात दीड किलो कमी म्हणजे पंधरा लहान मुलांचं एका दिवसाचं जेवण गेलं. हे मी माझ्या सहीनं झाकणार नव्हते.

मग कचेरीच्या फेऱ्या सुरू झाल्या. एका टेबलावर सांगायचे, हा विषय शिक्षण खात्याचा. तिथं गेलं की, धान्याचं दासोहवाल्यांना विचारा. साहेब मीटिंगला, साहेब बेंगळूरला, साहेब आत्ताच बाहेर पडले. कारकुनानं एकदा मला समजावलं, धान्य वाळून वजन घटतंच. मी म्हटलं, आषाढात आमच्याकडे भिंतींना पाणी सुटतं, काड्यापेटीतली काडी पेटत नाही. अशा हवेत तांदूळ ओल धरतो, त्याचं वजन वाढेल, घटणार कसं? यावर उत्तर आलं नाही. पुढच्या खेपेला नवीन मुद्दा, काटा कुणाचा? सोसायटीच्या काट्याची त्या वर्षाची पडताळणी झालेली होती आणि त्याच्या दाखल्याची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. ती पुढे केली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझा अर्ज नीट वाचला. नुसतं तोंडी सांगून किंवा अर्ज टेबलावर ठेवून कधीही येऊ नका. टपालात द्या, आवक नंबर घ्या, आपल्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. माझा अर्ज एका सहकारी शिक्षकानं सुबक कन्नडमध्ये लिहून दिला होता. त्यामुळे 'भाषांतर करून आणा' म्हणायला जागाच उरली नाही.

या सगळ्या काळात मुलांचं जेवण थांबवता येत नव्हतं. म्हणून एसडीएमसीचे (शाळेच्या देखरेख समितीचे) अध्यक्ष, मुख्य स्वयंपाकीण आक्का, दोन पालक आणि सर अशा सगळ्यांसमोर प्रत्येक पोत्याचं वजन लिहून पंचनामा केला, सह्या घेतल्या, आणि त्या आकड्यापासून वेगळ्या वहीत रोजचा खर्च लिहायला लागले. हे पहिल्याच दिवशी करा. माझ्या हातात पुढे जे काही बळ आलं ते या वहीमुळे.

खरी कलाटणी पुढच्या लोडनं मिळाली. गाडी भर पावसात आली. ड्रायव्हर घाईत, "बाई, सही करा लवकर, अजून चार शाळा करायच्या हायत." मी काटा व्हरांड्यात मांडूनच ठेवला होता. प्रत्येक पोतं त्याच्यासमोर चढवलं. सगळी कमी. चलनावर छापील वजन न स्वीकारता मी प्रत्यक्ष भरलेलं वजन आणि तूट लिहिली, खाली त्याची सही घेतली, मगच माझी केली. तो चिडला, आणि त्या बिचाऱ्याचाही दोष नव्हता, तो गाडी भरून देतील ती आणतो. पण त्या कागदानं सिद्ध झालं की तूट आमच्या खोलीत पडत नव्हती, पोतं दारात येतानाच कमी येत होतं. सर वर्षानुवर्षं छापील वजनावर सही करत आले होते, जशी सगळ्याच शाळा करतात.

तरीही प्रकरण गणपती, दिवाळी ओलांडून गेलं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन बसलं, तेव्हा कचेरीतले निम्मे लोक तिकडच्या ड्युटीवर. शेवटी जानेवारीत अधिकारी स्वतः आले, काट्यावर पोती चढवून पाहिली आणि स्टॉक बुकात लाल शाईनं प्रत्यक्ष शिल्लक लिहून सही केली. तूट पुरवठ्यातली म्हणून नोंदली गेली. सरांचा ना-बाकी दाखला निघाला त्या संध्याकाळी ते बायकोला घेऊन माझ्या घरी आले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, आणि अभिमानही वाटला, तो लपवत नाही.

खोलीबद्दल थोडं. पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, नाहीतर श्रावणापर्यंत खालच्या थराला बुरशी येते. जुनं पोतं पुढे, नवं मागे. डाळीत टोके पडतात, तेव्हा डाळ पावसाळ्यात जास्त दिवसांची मागवूच नका, इंडेंट (धान्याची मागणी) भरताना शिल्लक वजा करा. तांदळात मध्येच पिवळसर, वेगळे दिसणारे दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. पालक त्याला प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणतात आणि आमची आक्काही आधी ते निवडून टाकायची. त्या दाण्यांत मुद्दाम घातलेलं लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 असतं, ते टाकू देऊ नका.

आणि रिकामी पोती. त्यांचाही हिशोब ठेवावा लागतो. पहिल्या दिवसापासून मोजून, दोरीनं दहा-दहाचे गठ्ठे बांधून, वेगळ्या पानावर लिहा. कुणी वापरायला मागितलं तर सरळ नाही म्हणा.