तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरची ती बाई कोण?

मुलाला गाण्याच्या क्लासला घालायला आलेले पालक आधी तंबोऱ्यांकडे बघतात, मग भिंतीकडे. "तुमच्या गुरूंच्या फोटोशेजारी ती परदेशी बाई कोण हो?" मारिया कॅलास, ऑपेरा म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटक गाणारी, असं सांगितलं की एखादे गृहस्थ म्हणतात, "म्हणजे ती ओनासिसवाली?" हो, तीच. ओनासिस हा तिचा प्रियकर, ग्रीक जहाजमालक. पण ओनासिससाठी कुणी भिंतीत खिळा ठोकत नाही.

खिळा ठोकला तो अथेन्समधल्या एका शिकवणीसाठी. बाई जन्मली न्यूयॉर्कला, १९२३ साली, आईवडील ग्रीक. १९३७ मध्ये आई तिला घेऊन अथेन्सला परतली. तिथे आधी मारिया त्रिवेल्ला आणि मग अथेन्सच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीतविद्यालयात, एल्विरा दे इदाल्गो, अशा दोन गुरू लाभल्या. दे इदाल्गो स्पॅनिश, हलक्या, चपळ आवाजाची नावाजलेली गायिका. समोर उभी राहिलेली ही मुलगी मात्र अंगाने थोराड, जाड भिंगांचा चष्मा, नखं कुरतडायची सवय. ही गायिका होणार, याचं दे इदाल्गोंना हसूच आलं होतं म्हणे. मग मुलीने तोंड उघडलं.

आवाज मोठा, जड, थोडा रानटी. दे इदाल्गोंनी त्याला फिरत शिकवली: श्वास, कंपनं, भराभर उतरणाऱ्या सुरांच्या लडी. पण मला आवडते ती गोष्ट वेगळीच. ही मुलगी सकाळी दहाला यायची आणि संध्याकाळी शेवटची शिकवणी संपल्यावर निघायची. स्वतःची तालीम उरकल्यावर बाकीच्यांची ऐकत बसायची, अगदी सुमार मुलींचीसुद्धा. तारसप्तकवाली काय करते, खर्जातली काय करते, पुरुष कुठे श्वास घेतात, सगळं कानावर पडत होतं.

ते कामाला आलं १९४९ च्या जानेवारीत. व्हेनिसच्या ला फेनिचे या ऑपेरागृहात ती वॅग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डे गात होती. भूमिका भारदस्त, आवाजाचा घाम काढणारी. त्याच वेळी बेल्लिनीच्या 'इ प्युरितानी' या ऑपेराची नायिका आजारी पडली; ही भूमिका हलक्या, चपळ आवाजाची. संगीत संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी ते काम हिच्यावर टाकलं. जेमतेम आठवडा हातात, त्यातही ब्रुनहिल्डेचे प्रयोग चालूच. आपल्याकडे ध्रुपदियाने तीन दिवसांनी टप्पा गाऊन मैफल मारावी, तसं झालं ते. इटलीभर तिचं नाव झालं, आणि १९५१ च्या डिसेंबरात मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहाचा हंगाम तिच्या गाण्याने उघडला.

आवाज गोड होता का? मला तरी नाही वाटत. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी कॅसेट मध्येच बंद केली होती. वरचे सूर हलतात, खालचे बाटलीत तोंड घालून गायल्यासारखे येतात. मग केव्हातरी 'तोस्का' या ऑपेराचं तिचं १९५३ चं ध्वनिमुद्रण हाती लागलं. दुसऱ्या अंकात नायिका तोस्का देवाला विचारते, मी कुणाचं वाईट केलं नाही, मग मलाच असं का? 'पेर्के' म्हणजे 'का'. हा एवढासा शब्द परत परत येतो आणि दर वेळी वेगळा लागतो: आधी गाऱ्हाणं, मग राग, शेवटी तर उत्तराची आशाच सोडलेली. त्या रात्री मी तेवढा तुकडा पाच वेळा ऐकला.

पुढचं थोडक्यात. आवाज लवकर गेला. शेवटचा ऑपेरा १९६५ मध्ये लंडनला, तोही 'तोस्का'च. तेव्हा वय ४१. १९७१-७२ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतविद्यालयात शिकवलं, १९७७ मध्ये पॅरिसला वारली. आवाज का गेला यावर लोक अजून भांडतात. कुणी झपाट्याने उतरवलेल्या वजनाला दोष देतं. मला विचाराल तर कोवळ्या वयातली ओझी. जर्मन-इटालियन अंमलाखालच्या, उपाशी अथेन्समध्ये तिने १९४२ साली पहिली तोस्का गायली तेव्हा ती १८ वर्षांची होती. माझ्या विद्यार्थिनीला मी ते करू दिलं नसतं. एवढ्याबाबतीत फोटोतल्या बाईचं आणि माझं पटत नाही.

बाकी फोटोचा परिणाम? मुलं आपली पाळी संपली की चपला शोधायला लागतात. मीही शिकत होते तेव्हा जिन्यात गप्पा मारत उभी असायचे. परवा मात्र एक मुलगी तिची तालीम संपल्यावरही तासभर कोपऱ्यात बसून राहिली. मी मनातून हरखले. मग कळलं, तिने छत्री आणली नव्हती.