सत्तर हजार आणि सहा महिने

रविवार, ११ जानेवारी २०२६

दुपारी जेवणं उरकली आणि हिशोबाची वही काढली. डिसेंबरचा हिशोब लिहायचा राहिलाच होता, दोन लग्नं, त्यांचे आहेर, लेकीची शाळेची ट्रिप, सगळं मागच्या पानावर पेन्सिलनी खरडून ठेवलेलं. नवरा बाजूला शेंगा सोलत बसला होता, मधेच म्हणाला, "ते बोनसचे सत्तर हजार पडून आहेत ना गं, भरून टाकायचे का लोनमध्ये?" मला हसूच आलं. तीन वर्षं हे वाक्य माझं होतं आणि नको नको करणारा हा होता.

घर घेतलं डिसेंबर २०२० ला, धायरीत. सरकारनं त्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत स्टँप ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली होती, त्यामुळे अख्खं पुणं रजिस्ट्रेशनला पळत होतं, आम्हीपण मास्क लावून सकाळपासून संध्याकाळपर्यंत नंबरला बसलेलो आठवतंय. लोन ३५ लाख, २० वर्षं, ६.९ टक्के, हप्ता २६,९२६. ६.९ म्हणजे कायमचं ६.९ असंच मी धरून चालले होते, फ्लोटिंग, म्हणजे बदलता दर, हा शब्द फॉर्मवर होता पण तो कोण वाचतंय.

मग मे २०२२ पासून रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, वाढायला लागला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ४ चा ६.५ झाला आणि आमचं लोन ९.४ वर. मधले कित्येक महिने हप्ता तोच जात होता म्हणून आम्ही निवांत, बँक गुपचूप मुदत लांबवत होती ते कळलंच नाही. एक दिवस सहज स्टेटमेंट काढलं तर त्या महिन्याच्या हप्त्यातले २६ हजारांच्या वर व्याजाला गेलेले आणि मुद्दलात जेमतेम साडेसातशे रुपये! साडेसातशे. मी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे अकाउंट्स लिहिते आणि घरात हे चाललं होतं, स्वतःचीच लाज वाटली. ब्रँचमध्ये गेलो तर ते म्हणाले मुदत अजून लांबवता येत नाही, हप्ता वाढवावा लागेल. हप्ता २९,५०० झाला, आणि तरीसुद्धा लोन संपायचं साल २०४० चं २०४६ वर गेलं. हा तेव्हा ६३ वर्षांचा असणार, कंपनीत रिटायरमेंट ५८ ला. त्या रात्री दोघंही धड जेवलो नाही.

माझी दोन लाखांची एफडी होती, लग्नाआधीपासून जमवलेली, सहा टक्क्यांची. सहा मिळवायचे आणि ९.४ द्यायचे ह्याला काय अर्थ आहे, असं म्हणून एप्रिल २०२३ मध्ये ती मोडली आणि लोनमध्ये भरली. फ्लोटिंग लोनला प्रीपेमेंटचा, म्हणजे मुदतीआधी पैसे भरल्याचा, दंड लागत नाही हे एव्हाना कळलं होतं. मुदत किती कमी झाली असेल, जवळजवळ चार वर्षं! दोन लाखांत चार वर्षं. व्याज इतकं गिळत होतं ना हप्ता, की मुद्दलातून थोडं जरी काढलं तरी मागचे हप्ते धडाधड गळून पडत होते. फक्त अर्जावर "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा" असं स्वच्छ लिहून द्यायचं, नाहीतर ते हप्ता कमी करून मोकळे होतात, मग सगळी मजा गेली.

आणि मला चटकच लागली त्याची.

वही तेव्हापासूनची आहे. दोघांचा मिळून हातात ९५ हजार पगार, त्यातून हप्ता, लेकीची फी, किराणा, दूध, पेट्रोल, आईंची औषधं, मेंटेनन्स (आमच्याकडे टँकरमुळे तो उन्हाळ्यात हमखास वाढतो), ह्याची म्युच्युअल फंडातली महिना पाच हजारांची एसआयपी. कागदावर वीस हजार उरायला पाहिजेत आणि २५ तारखेला हातात काही नसायचं. पहिले चार महिने मी काय काय केलं ते वाचून आज हसू येतं. भाजी स्वस्त म्हणून स्कूटीवर मंडईपर्यंत जायचे, येताना तुळशीबागेत पाय वळायचाच, पेट्रोल आणि क्लिपा मिळून भाजीत वाचलेलं सगळं गेलं. कोथिंबिरीच्या जुडीत पाच रुपये वाचवून पस्तीस लाखांचं लोन फिटत नाही, पण हे कळायला चार महिने गेले. खरे पैसे वाचले ते दोनतीन मोठ्या गोष्टींत. नवी गाडी घेणार होतो ती रद्द केली, हा आठ दिवस गप्प होता. आणि कॉर्पोरेशनचा टॅक्स, स्वतः राहतो त्या घराला ४० टक्के सवलत असते, त्यासाठी पीटी-३ फॉर्म भरावा लागतो, तो आम्ही भरलाच नव्हता. सोसायटीतल्या एका काकांनी हात धरून भरून घेतला, नाहीतर अजून पूर्ण टॅक्स भरत बसलो असतो.

ह्याचं म्हणणं वेगळंच असायचं. प्रीपेमेंट कशाला, एसआयपी वाढव, शिवाय व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते टॅक्सला. एसआयपीचं मला पटायचं पण आणि नाही पण, बाजार वर जाईल तेव्हा जाईल, व्याज तर दर महिन्याला जातंय. आणि टॅक्सचा मुद्दा तर ह्या वर्षी त्याचा त्यालाच सोडावा लागला, नवीन रेजिममध्ये नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्सच नाही, हा तिकडे गेला, आणि तिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नसते.

पण नोव्हेंबर २०२४ बद्दल मी कधी नीट लिहिलंच नाही वहीत. आज लिहिते.

त्या दिवाळीला त्याचा बोनस ६० हजार आला आणि माझी भिशी ५० हजारांची लागली. हा म्हणत होता निम्मे ठेवू. मी ऐकलं नाही, एक लाख दहा हजार सगळेच्या सगळे एकाच दिवशी भरले आणि संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन महिने मोजत बसले. पंधरा दिवसांनी आई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन, आत घालायचा इम्प्लांट, बिल २ लाख ७० हजार, कंपनीच्या पॉलिसीनी बरंच दिलं पण त्यात ह्याला कॅप त्याला कॅप, ८५ हजार आमच्या गळ्यात. खात्यात अकरा हजार होते. बँकेत भरलेला पैसा काही परत मागता येत नाही, आमचं साधं लोन, ओव्हरड्राफ्टवालं असतं तर काढता आले असते म्हणे, पण त्याचा रेट थोडा जास्त म्हणून आम्हीच घेतलं नव्हतं. शेवटी कार्ड घासलं. ९.४ टक्क्यांचं लोन लवकर फिटावं म्हणून सगळं ओतलं आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांवालं कर्ज डोक्यावर घेतलं, अकाउंट्सवाल्या बाईनं! बिलाच्या तारखेआधी माझ्या दादानी पैसे पाठवले म्हणून व्याज नाही लागलं. हा त्यावरून मला एका शब्दानी बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं. दादाचे फेडायला सहा महिने गेले. त्यात मागच्या जानेवारीत आपल्या ह्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएस ह्या नसांच्या आजाराचे पेशंट निघाले, पाणी उकळून उकळून गॅस संपायला लागला, शेवटी १४ हजारांचा प्युरिफायर घेतला, तोही दादाचा हप्ता पुढे ढकलून. पूर्ण २०२५ मध्ये लोनमध्ये एक रुपया जास्तीचा गेला नाही.

तरी लोन आपोआप थोडं सुधारलं. रेपो रेट फेब्रुवारी २०२५ पासून उतरायला लागला, मागच्या महिन्यात ५.२५ झाला. आमचं आता ८.१५. बँक हप्ता कमी करत होती, मी लिहून दिलं की नको, २९,५०० च राहू दे. बाकी २६ लाख ९० हजार. ह्या महिन्याच्या हप्त्यातले ११ हजार मुद्दलात गेले, ते साडेसातशे आठवून बरं वाटलं. संपायचं साल २०३७.

तर सत्तर हजार. मी गणित करून दाखवलं, सगळे भरले तर सहा महिने कमी होतात, तीस भरले तर अडीच. हा म्हणाला, "मग सगळे भरू की, सहा महिने म्हणजे पावणेदोन लाखांचे हप्ते." मी म्हटलं आधी चाळीस बाजूला. सध्या बाजूला ८० आहेत, दीड लाख होईपर्यंत मी फार तर अर्धाच पैसा लोनला देणार. तो माझ्याकडे बघत राहिला, म्हणाला, "तू बोलतेयस हे?"

आई वॉकर घेऊन आतून आल्या, शेंगा बघून बसल्या. "किती राहिलं गं अजून?"

"सदतीस सालापर्यंत, आई."

"बाई बाई. मग मी काय बघत नाही." मग दोन शेंगा सोलून झाल्यावर, "पण तोवर टँकर तरी बंद होतील का इथले?"

हा जोरात हसला. मी उद्यासाठी अर्ज लिहून ठेवलाय, रुपये तीस हजार फक्त, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. लंच टाइममध्ये ब्रँचला जाऊन येईन. टँकर अजून आला नाहीये, झोपायच्या आधी दोन बादल्या भरून ठेवायला हव्यात.