सपाट रेघ

एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीत लोक दोनच कारणांनी धावत येतात: प्रेशर चढलं म्हणून, नाहीतर हवा तो निकाल आला म्हणून. आमची पीएचडीची मुलगी दुसऱ्या कारणाने आली. ठाणे खाडीच्या गाळातून तिने काढलेला जीवाणू खाऱ्या माध्यमात इस्ट्राडायोल हे स्त्री-हार्मोन फस्त करत होता. सुरुवातीच्या नमुन्यात उंच पीक, म्हणजे आलेखातला सुळका, शेवटच्यात सपाट रेघ.

"ताई, सगळं संपलं!"

सरांनी तेवढ्यात पोस्टरचं शीर्षकही ठरवून टाकलं. आधी शीर्षक, मग शंका, हा आमच्याकडचा रिवाज.

पोरीचं काम मात्र चोख. इस्ट्राडायोल पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून ते अल्कोहोलमधून घालतात; मग जीवाणू अल्कोहोलवरच पोसतो आणि श्रेय हार्मोनला जातं. तिने अल्कोहोल आधीच उडवून घेतलं होतं. हार्मोन पेशींना आणि प्लास्टिकला चिकटून बसतं, म्हणून बाटल्या काचेच्या, शिवाय मेलेल्या पेशींची एक वेगळी. त्या बाटलीत पीक किंचितच घटलं होतं. म्हणजे जीवाणू काहीतरी करत होता, हे नक्की.

काय करत होता, तिथेच गोम होती. सगळे रन फ्लोरेसन्स डिटेक्टरवर झालेले; तो फक्त चमकणारे रेणू टिपतो. इस्ट्राडायोल तिथे झळकतं. पण जीवाणूंची पहिली खोडी बहुधा सतराव्या कार्बनवर असते: हायड्रॉक्सिलचा कीटोन केला, की झालं इस्ट्रोन. त्याची चमक फारच फिकी. मी तीच व्हायल, म्हणजे नमुन्याची कुपी, रेणूंनी शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या यूव्ही डिटेक्टरवर, २८० नॅनोमीटरला लावली. इस्ट्राडायोलची जागा रिकामी गेली आणि जरा पुढे इस्ट्रोनचं दणदणीत पीक वर आलं. हार्मोनच्या सांगाड्यातल्या चारही कड्या शाबूत.

इस्ट्रोन इस्ट्राडायोलपेक्षा सौम्य, पण हार्मोनच. माशाच्या शरीरात ते उलट फिरून पुन्हा इस्ट्राडायोल होऊ शकतं. कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं होतं, लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. तिथले फॅटहेड मिनो मासे जवळजवळ नामशेष झाले. आमच्या बाटल्यांत मिलिग्रॅमचा हिशोब. नॅनोग्रॅमभर खाद्यासाठी हा जीवाणू तोंड तरी उघडेल का, हे मला अजून सुटलेलं नाही.

ती म्हणाली, दोन्ही डिटेक्टरांचे क्रोमॅटोग्राम, म्हणजे आलेख, शेजारी-शेजारी लावू. सर म्हणाले, जागा पुरणार नाही. जीवाणूच्या रंगीत फोटोला मात्र अर्धा पोस्टर मिळाला.