आमची वाटचाल: रॅमच्या वाटणीपासून

फोंड्याच्या वरच्या बाजारात दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही दुकान मांडलं, तेव्हा काम होतं प्रिंटरची कार्ट्रिजं भरण्याचं. मी आणि माझा मेहुणा, दोघंच. सर्व्हरचं पहिलं काम मिळालं पणजीतल्या एका सीएच्या ऑफिसातून. पावसात वीज सारखी जायची आणि हिशेबाच्या फाइली खराब व्हायच्या. तिथे आम्ही यूपीएससोबत झेडएफएस बसवलं, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारी फाइल सिस्टिम. ते जुन्या डेटावर लिहीत नाही, नव्या जागी लिहितं, आणि डेटाच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे ब्लॉकची, चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) ठेवतं. वीज मध्येच गेली तरी डिस्कवरची मांडणी अर्धवट राहत नाही.

पहिलं वर्ष नीट गेलं. मग जुलैच्या शेवटी, विवरणपत्रं भरायची घाई चालू असताना, हिशेबाचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक, भर दुपारी बंद पडलं. चालू केलं, तासाभरात पुन्हा बंद. लॉगमध्ये कारण स्वच्छ लिहिलेलं होतं: मेमरी संपली म्हणून लिनक्सनेच ते मारलं होतं.

चूक आमचीच होती. सर्व्हरला रॅम 32 जीबी. अशा दोन व्हर्च्युअल मशीनना 10-10 जीबी दिलेली. आणि झेडएफएसचा आर्क, म्हणजे वाचलेला डेटा रॅममध्ये धरून ठेवणारा कॅश, त्या आवृत्तीत अर्ध्या रॅमपर्यंत, 16 जीबीपर्यंत वाढू शकत होता. बेरीज 36. मेमरी लागली की आर्क मागे सरतो खरा, पण मागणी एकदम आली तर तेवढ्या वेगाने सरत नाही. मी ही बेरीज आधी कागदावर केलीच नव्हती.

त्या रात्री आर्कला 6 जीबीची मर्यादा घातली. त्यासाठीच्या ‘झेडएफएस_आर्क_मॅक्स’ या सेटिंगमध्ये आकडा बाइटमध्ये द्यावा लागतो, 6442450944. नुसतं 6 लिहिलं तर ते धरलंच जात नाही. आणि मूळ सिस्टिमच झेडएफएसवर असेल तर इनिटरॅमएफएस (सिस्टिम सुरू होताना आधी लोड होणारी छोटी फाइल) नव्याने बनवावं लागतं, नाहीतर रीस्टार्टनंतर जुनीच मर्यादा परत येते.

मडगावच्या फोटो स्टुडिओत उलटा धडा मिळाला. लग्नसराईत एडिटिंग रेंगाळायचं, म्हणून आम्ही त्यांना एल-टू-आर्कसाठी, म्हणजे आर्कला जोड म्हणून डिस्कवर ठेवायच्या दुसऱ्या कॅशसाठी, एसएसडी घ्यायला लावली. फरक शून्य. एल-टू-आर्कमधल्या प्रत्येक ब्लॉकची नोंद रॅममध्येच राहते, म्हणजे 16 जीबीच्या तोकड्या रॅममधूनच आम्ही आणखी जागा काढून घेतली होती. शिवाय तिथे रोज नवं शूटिंग येतं. एकदा वाचलेली फाइल क्वचितच परत उघडते. आर्कस्टॅट (कॅशचा किती उपयोग होतोय ते दाखवणारी कमांड) दोन दिवस आधी चालवून बघितलं असतं तर हे कळलं असतं. ती एसएसडी आम्ही पूर्ण पैसे देऊन परत घेतली, रॅम वाढवून दिली आणि व्हिडिओच्या डेटासेटचा (झेडएफएसमधल्या वेगळ्या विभागाचा) रेकॉर्डसाइझ, म्हणजे ब्लॉकचा कमाल आकार, 128 केबीवरून 1 एमबी केला. रेकॉर्डसाइझ फक्त नव्या फाइलींना लागू होतो, म्हणून चालू कामाच्या फाइली रात्रभर कॉपी करत बसलो.

वेगळी लॉग डिस्क आम्ही सरसकट सुचवत नाही. ती फक्त सिंक लिखाणाला, म्हणजे डेटा डिस्कवर पक्का लिहिला जाईपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो अशा लिखाणाला, उपयोगी पडते, आणि साध्या फाइल शेअरिंगमध्ये तसं लिखाण फार थोडं. डेटाबेस असेल तरच, आणि वीज गेल्यावरही हातातला डेटा लिहून पुरा करणारी एसएसडी असेल तरच.

आता आम्ही पाच जण आहोत. प्रत्येक कोटेशनच्या पहिल्या पानावर रॅमची वाटणी असते: मशीनना किती, आर्कला किती, सिस्टिमला किती. बेरीज ग्राहकासमोर बसून करतो. पणजीच्या त्या सीएंनी गेल्या महिन्यात नवा सर्व्हर मागवला, 128 जीबीचा, तेव्हा ते पान त्यांनी स्वतःच भरून पाठवलं.